चतुर्थीचा फोन

१२ नोव्हेंबर
तार कापली! रस्ता खणता खणता आमचा फोन मारला मेल्यांनी. हे ऑफिसात जाऊन आले. जुन्या तारेचे फोन बंदच होऊन राहिले म्हणे, दुरुस्ती नाही. मोबाईल आहे ना, तो डबा कायले पाहिजे — इति हे. मोबाईल घरात एकच, तो यांच्या खिशात. मी काय बोलू?

१३ नोव्हेंबर
लिहूनच टाकते. इथं कोण वाचतं!

प्राचीनं राळेगावच्या संघदीपशी लग्न केलं. बौद्ध मुलगा. तेव्हापासून लेकीचं नाव घरात काढायचं नाही. पहिल्यांदा तिचा फोन आला, तो नेमका यांनी उचलला. शपथच घातली — "पुन्हा या घरात तुझा आवाज आला तर माझं मेलेलं तोंड पाहशील."

पोरगी बापावरच गेली. शपथ मोडली नाही, फोनही सोडला नाही! दर संकष्टीला हे चिंतामणीच्या दर्शनाला गेले की घंटी वाजते. ती बोलत नाही. मी बोलते. लोणचं, शेजारीण, माझी पाठ — आणि त्या संघदीपला शिव्या. तिचा नंबर माझ्याजवळ नाही. जुन्या फोनवर दिसतच नव्हता.

१९ नोव्हेंबर
नागपूरहून पोराचा, श्रेयसचा फोन. यांना समजावलं त्यानं — आता घरचा फोन इंटरनेटवर चालतो, नंबर तोच राहतो, पैसे मी भरतो. पैसे तो भरणार म्हटल्यावर हे तयार! मी देवापुढे साखर ठेवली.

२४ नोव्हेंबर
बसला फोन. बादल नावाचा माणूस आला होता. भिंतीवर एक डबा, त्यावर हिरवे दिवे, डब्यातून फोन. लाईट गेली की फोनही गेला! जुना बरा होता.

नव्या फोनला काच आहे. कोणी केला, कुठून केला, सगळं काचेवर येतं आणि मागचंही राहतं. यांना तर खेळणंच मिळालं. चष्मा लावून एकेक नंबर वाचतात, हा कोणाचा, तो कोणाचा. आलेला नंबर पुसता येतो का, मी बादलला हळूच विचारलं. तो हसला. म्हणाला, "पुसाले येते काकू, पन कायले?" कसं पुसायचं ते शिकून घेतलं.

४ डिसेंबर
यांचा गुडघा सुजला.

६ डिसेंबर
उद्या संकष्टी. गुडघा तसाच. या खेपेला घरूनच नमस्कार करतो म्हणाले. फोनच्या बाजूलाच खुर्ची टाकून बसतात. घंटी वाजली की हेच उचलणार. तिचा नंबर यांच्या हाती गेला तर हे तिच्या सासरी फोन करून काय तमाशा करतील, मी ओळखून आहे. आणि मग प्राची कायमची बंद! महिन्याचं एवढंच तर आहे माझं.

७ डिसेंबर
सकाळी साबुदाण्याची उसळ टाकली आणि झाडता झाडता डब्याचं बटण बंद केलं. दिवे गेले. बिघडला वाटते, म्हटलं. हे नव्या जमान्यालाच शिव्या देत बसले.

फोन आला नाही. जमलं! तिकडं ती मात्र लावत असेल. पुढच्या महिन्याला सांगीन तिला, रागावू नको म्हणून.

८ डिसेंबर
श्रेयस न सांगता आला. डबा बंद असला की घरचा फोन त्याच्या मोबाईलवर वाजतो — त्यानंच तसं लावून ठेवलं होतं. काल त्यानं उचलला. पलीकडे कोणीच बोलेना, तेव्हा बहीणच असेल समजून हाच म्हणाला, प्राची, मी श्रेयस आहे गं, मी तर शपथ घातली नाही. तर माणूस रडायला लागला. संघदीप.

प्राची मागच्या वर्षी आषाढात गेली. बाळंतपणात. बाळही.

"जाताना म्हने, आईची चतुर्थी नोको चुकवू," असं म्हणाला तो श्रेयसला. बौद्धाचा पोरगा कॅलेंडरात चतुर्थी पाहून फोन लावत होता आणि माझ्या शिव्या ऐकत होता. मी दोन दिवाळ्या केल्या! लाडू वळले!

तिनं लग्न केलं त्या दिवशी यांनी तिच्या नावानं आंघोळ केली होती. आज गुडघा धरत मोरीत गेले. केव्हाचा नळ चालू आहे. श्रेयस दार वाजवून राहिला. मी नाही वाजवत.