नेटकट्ट्याचा हॉल

रविवार, ३ मार्च
नेटकट्ट्याची, म्हणजे आमच्या संगणक मंडळाची, आठवी बैठक. उपस्थिती पाच, पण दर्जेदार. मी, मेहुणा, औषधवाला, चष्मेवाला आणि पंख्याखाली बसायला आलेले एक गृहस्थ. वाचनालयाच्या वरच्या हॉलचं बुकिंग आजपासून ऑनलाइन. पान मी एकट्याने, एका दुपारीत केलं. ग्रंथपाल म्हणाले, वही बरी होती. मागासलेला माणूस. महिनाअखेरीला दहा डोकी दिसली नाहीत तर हॉल दुसऱ्यांना देणार, असंही म्हणाले. दहा काय, तीस आणतो.

रविवार, १० मार्च
'पासवर्ड कसा जपावा' हे माझं व्याख्यान सुरू केलं आणि ज्युदोचा वर्ग आत घुसला. पांढऱ्या कपड्यांतले नऊ जण, गाद्या, आणि त्यांच्या बाई. बाईंची उंची माझ्या खांद्याएवढी. त्यांनाही माझ्या पानाने हीच वेळ मोकळी दाखवली होती. म्हणजे पान हॅक झालंय, उघड आहे. मी सभ्यपणे त्यांची गादी ओढली. पुढचं नीट आठवत नाही. मेहुणा म्हणतो, हवेत असताना मी बुकिंग नंबर विचारत होतो. प्रोजेक्टर फुटला. माझ्याच पाठीखाली आला.

सोमवार, ११ मार्च
रजा. बायकोने पाठ शेकली. म्हणाली, "अहो, हॅक कोण करतंय? एकाने घेतलेली वेळ दुसऱ्याला बंद करायची, तेच विसरलात तुम्ही. मी आत्ता आठ नावांनी तीच वेळ घेऊन पाहिली."
तांत्रिक विषयावर घरात वाद घालू नये.

बुधवार, १३ मार्च
ठराव: ईट का जवाब वगैरे नाही, थेट धोंडा. ज्युदोचे व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिले. मेहुण्याला उचलायला गेलो आणि सोफ्यावर डोकं आपटलं. तीन टाके. दोष नेटच्या वेगाचा.

रविवार, १७ मार्च
गनिमी कावा. तासभर आधी पोचून दाराला खुर्च्या लावल्या. बाईंनी दार उघडलं, खुर्च्यांसकट. औषधवाल्याने एका ज्युदोवाल्याच्या कानाखाली वाजवली. मग त्याला तिघांनी धोपटलं. नाकातून रक्ताची धार. चष्मेवाल्याने कीबोर्ड एकाच्या डोक्यात घातला, बटणं हॉलभर उडाली. मेहुण्याचा खांदा निखळला. तो बाईंनीच बसवला, वर पाणीही पाजलं. मी टेबलाखालून सूत्रं हलवत होतो.
एकूण बरोबरीत सुटलं म्हणायला हरकत नाही.

गुरुवार, २१ मार्च
पान दुरुस्त केलं. आता कुणालाच बुकिंग करता येत नाही. सुरक्षितता महत्त्वाची.

रविवार, २४ मार्च
आमच्या बाजूला मी आणि पंख्याखालचे गृहस्थ. बाकीचे तिघे समोर, पांढऱ्या कपड्यांत. मेहुणा हात गळ्यात बांधून नुसता पाहायला बसलेला. मी जाब विचारला तर म्हणाला, "भाऊजी, तिथे मार खाल्ला तरी काहीतरी शिकायला मिळतं."
फार लागलं. आठ बैठका याच्यासाठी घेतल्या. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. त्याने एका हाताने आडवं केलं.
पंख्याखालच्यांनीही मागाहून ज्युदोत नाव नोंदवलंय म्हणे.

रविवार, ३१ मार्च
शेवटचा दिवस. ग्रंथपाल दारात डोकी मोजत उभे. बाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, नवे लोक एकमेकांना आपटायला घाबरतात, पडणारा कुणी अनुभवी हवा, आणि तुम्हाला पडायला वेगळं शिकवावं लागणार नाही. मी मान्य केलं. नेतृत्व म्हणजे दुसरं काय?
चौदा जण माझ्यासाठी रांगेत उभे राहिले. औषधवाला दोनदा आला. हॉल टिकला. नोंद ज्युदोच्या नावाने झाली, ती दुरुस्त करून घेईन.
बायको पहिल्यांदाच आली होती. मी गादीवरूनच तिला पुढची खुर्ची दाखवली. तिने खुर्चीवर पर्स ठेवली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.