बाहेरचं वेटोळं

मुळगाव, डिचोली
शनिवार, १७ जानेवारी

प्रिय सुविधा,

तुझी हत्यारांची पेटी काल कंडक्टर गौरेशने कदंबा बसमधून आणून दिली. आत तुझी चिठ्ठी होती, "भाई, मी आता काउंटरवरच बरी. हे तुझ्या कामाला येईल." सहा पेचकस, दोन चिमटे, भिंग, सगळं फडक्यात गुंडाळलेलं. बारीक पेचकसाला धार तू अजून मी शिकवली तशीच लावतेस. भिंगाखाली बघितली, एक रेघही वाकडी नाही. पेटी माझ्या घड्याळांच्या दुकानात नेली नाही. घरीच ठेवली, आणि कालपासून तिच्याकडे पाठ करून बसलो आहे. तुझ्या वहिनीने, जानकीने, दोनदा विचारलं, जेवत का नाही म्हणून.

मी कोणाच्या हाताखाली शिकलो नाही, हे दुकानात आलेल्या माणसाला मी न विचारता सांगतो. तू त्यावरून किती चिडवायचीस! खाणीच्या ऑफिसातलं बंद घड्याळ घरी आणलं, तांबडी धूळ काढली, तीनदा बिघडवलं, चौथ्यांदा चाललं. मग तुला बाजूला बसवलं. पोलादाची हेअरस्प्रिंग, घड्याळाची चाल राखणारी, केसासारखी बारीक. चिमट्याने कुठे दाबली की तिची वेटोळी सारख्या अंतरावर येतात, हे जमायला तुला दोन वर्षं लागली. मला चार लागली होती. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तू पणजीच्या सर्व्हिस सेंटरात लागलीस आणि दर रविवारी सिलिकॉनच्या स्प्रिंगचं पुराण सुरू झालं. लोहचुंबकाची भीती नाही, गंज नाही, ऊनपावसाने चाल बदलत नाही. मी म्हणायचो, उद्या काचेच्या बांगडीवर घड्याळं चालवा. तू एकदा हसत म्हणालीस, "भाई, ती तुला वाकवता येत नाही, हेच तुझं दुखणं ना?" त्या दिवशी मी अर्ध्या ताटावरून उठलो होतो. बरोबर ओळखलं होतंस.

चवथीला तू सेंटरच्या परीक्षेचं, सिलिकॉन स्प्रिंगचं घड्याळयंत्र सरावासाठी घरी आणलंस. पास झालीस तर पुढच्या शिक्षणाला तुझंच नाव जाणार होतं. झाकण काढून माझ्यासमोर ठेवलंस, "नुसतं बघ हां भाई, हात लावू नको." तेवढ्यात जानकीने तुला गणपतीवर टांगायच्या माटोळीला सुपाऱ्यांचे घोस बांधायला हाक मारली. मी यंत्रापाशी राहिलो. देवापुढची उदबत्ती अर्धी जळेपर्यंत.

पुढच्या आठवड्यात परीक्षेला तू यंत्र उघडलंस, तर स्प्रिंग मोडलेली, आणि तुटलेला तुकडा कुठेच नाही. तू रडत फोन केलास, "झाकण काढताना माझ्याच हाताने गेली असणार. पण तुकडा गेला खंय रे भाई?" आणि मी काय म्हणालो? "तुझा हात थोडा जडच आहे. घाई करतेस." घाई तू जन्मात केली नाहीस. त्यानंतर तू काम करायच्या टेबलावर बसली नाहीस. मला वाटलं, चार दिवसांनी विसरशील. काल पेटी आली.

तुकडा माझ्याकडे आहे. त्या दिवशी भिंगातून बघताना बाहेरचं वेटोळं एका जागी जाड दिसलं. पोलादात ती चूक असते. मला वाटलं, बघा यांचा कारखाना! सिलिकॉनमध्ये ती जागा मुद्दाम जाड ठेवतात, हे मी मागाहून वाचलं. तू दोन पावलांवर माटोळी बांधत होतीस, विचारलं असतं तर सांगितलं असतंस. पण तुला काही विचारायची मला सवय नव्हती. चिमट्याने जरा दाबलं. मोडली, आवाजसुद्धा झाला नाही. मी झाकण लावलं. तुकडा काड्यापेटीत ठेवला, तो अजून तिथेच आहे. फोनवर सांगायला तीनदा घेतलं, जमलं नाही. म्हणून हे पत्र. सोमवारी सकाळच्या कदंबाने पणजीला येतो. स्टँडवर येऊ नको. तुझ्या साहेबांसमोर ती काड्यापेटी मला एकट्यालाच उघडू दे. मग माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण तुझी पेटी घ्यायला तेवढी बाहेर ये.

तुझाच,
भाई