ढोबळीचं बी

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकीट बघून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे आणि अजून त्याच कामावर आहे. फोनवर तू रडतेस, मी गप्प बसतो आणि बाबांचा नुसता श्वास ऐकू येतो. त्यातून कुणालाच काही कळत नाही, म्हणून म्हटलं लिहू. शाळा सुटल्यापासून एवढं लांब काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसायचं नाही.

तू सांगितलंस तेव्हापासून डोक्यात एकच फिरतंय. घशातली गाठ गेली, किरणांचे शेक संपले, फाटका का होईना आवाज परत आला, आणि आता बाबा जेवत नाहीत. शेकाने तोंड झोंबत असणार; वाटीभर पातळ घेतात आणि मान फिरवतात. डॉक्टर म्हणतात असेच वाळत गेले तर पोटाला भोक पाडून नळी बसवू, आणि बाबा म्हणतात त्यापेक्षा मला गाडीखाली ढकला. ताई, ज्या माणसाने कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जन्मभर लोकांना जेवू घातलं, रश्शाचा थेंब तळहातावर घेऊन नुसत्या चाटण्यावर सगळ्या पातेल्याचं मीठ सांगितलं, तो घरात बसून उपाशी मरणार? कामावर माझं लक्षच नव्हतं. इथली मुकादमीण म्हणाली, तुझं झाड बघ कुठे चाललंय.

आता ऐक. मी जिथे काम करतो ते काचघर म्हणजे काचेचं गोदामच समज. आत जवळपास सगळी ढोबळी मिरची, माणसापेक्षा उंच. वरून दोऱ्या सोडलेल्या असतात. आम्ही रुळावरच्या गाडीवर उभे राहून शेंडे दोरीला गुंडाळत जायचं आणि बाजूचे फुटवे खुडायचे. मी एक सगळ्यात मोठं लालभडक फळ खोलीवर आणलं, गर खाल्ला आणि बी खिडकीत वाळवलं. ते सोबत पाठवतोय. तू म्हणतेस, बाबा परसातल्या त्यांच्या तिखट मिरच्यांकडे बघत बसतात आणि मग कुंडीला लाथ घालतात. त्यांना अशी मिरची हवी जी दिसायला मिरची, वासाला मिरची, पण चावणार नाही. ही भाजून सोलली की लोण्यासारखी होते. आणि स्वतः वाढवलेलं फळ बाबा टाकणार नाहीत.

बी रात्रभर कोमट पाण्यात ठेव. पत्र्याच्या डब्याला खाली भोकं पाड, माती घाल आणि डबा फ्रीजवर ठेव, तिथे ऊब असते. मोड दिसले की उजेडात आण.

मला येता येत नाही. हंगाम अर्धवट सोडला की नाव काळ्या यादीत जातं, मग या भागात कुणी दारात उभं करत नाही. आणि माझी कामं सोडायची कीर्ती तुला माहीतच आहे.

लोभ वाढावा असं मी काही केलेलं नाही, तेव्हा आहे तेवढा सांभाळ.

तुझा,
भिंगरी

*

ता. २० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात आहे, पण वाचलं. दोनदा वाचलं. बी मिळालं.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, ढोबळी म्हणजे दात पडलेली मिरची, ती कॅन्टीनमध्ये साहेब लोकांच्या ताटात जायची. मी सरळ डबा घेतला आणि बी पेरायला बसले. मागून फाटका आवाज आला की एवढं खोल गाडतेस, मुडदा पुरतेयस का. उठून आले, डबा ओढून घेतला आणि स्वतः बोटाच्या पेराने खड्डे केले. किती दिवसांनी खाटेवरून आपणहून उठले म्हणून सांगू. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि कांदा नव्हता, तरी कांद्यावर ढकललं.

पण खाणं तेच. मी शिवणाच्या दुकानातून दुपारी पळत घरी येते. सकाळी ठेवलेलं बटाट्याचं सूप तसंच असतं, वर साय धरलेली. अंडं कुस्करून दिलं तर थुंकतात. गेल्या वर्षीच्या पँटला मी दोन्ही बाजूंनी टीप मारली, तरी कमरेवर राहत नाही. शेजारच्या सिस्टरबाईंनी त्यांना उचलून खुर्चीत बसवलं, आणि नंतर दाराबाहेर मला म्हणाल्या की लहान मुलाएवढं वजन लागलं हाताला.

तू ये म्हणायला लेखणी उचलली होती. पण बाबांनी बजावलंय. म्हणाले, पहिल्यांदा कुठे टिकलाय, त्याला हलवलंस तर मी सूपही सोडेन. आता कुणाचं ऐकू? शेजारीच तिखट झाडं आहेत, त्यांच्यामुळे तुझी ढोबळी तिखट तर होणार नाही ना, ते तिथे कुणाला तरी विचार. बाबांच्या तोंडाला आता ते सोसायचं नाही.

स्वेटर घालत जा. आशीर्वादाला कमी नाही, तेवढं पत्र मात्र वेळेवर टाक.

तुझी,
ताई

*

ता. २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रोपं वीतभर झाली हे वाचून मी खोलीत सगळ्यांना सांगत सुटलो. खालच्या खाटेवरचा म्हणाला, असा नाचतोयस जसं काही पोर झालं.

तू विचारलेलं मुकादमिणीला विचारलं. ती इथली जुनी बाई आहे, गुडघे गेले तरी ओळी सोडत नाही. ती म्हणाली की शेजारच्या झाडाने फळ बदलत नाही, ढोबळीच्या झाडाला ढोबळीच लागते. आणखी काहीतरी सांगत होती, पण खोलीवर जायची गाडी सुटत होती, मी पळालो. तेव्हा निर्धास्त राहा. पहिलं फूल खुडून टाक, झाड आधी अंगाने भरू दे. पानं चुरडली तर उलटून बघ, मावा असेल. साबणाचं पाणी मार. फुलं आली की सकाळी देठाला टिचकी मारत जा. इथे त्यासाठी भुंग्यांची खोकी ठेवलेली असतात, तुझ्याकडे भुंगा म्हणून मीच होतो.

ताई, मला इथे करमत नाही. पूर्वी करमलं नाही की मी पिशवी उचलायचो. आता रोज पिशवीकडे बघतो आणि परत ओळीत जाऊन उभा राहतो. तोडणी जोरात सुरू झालीय. पेट्याच्या पेट्या भरून जातात, वाकडी निघाली ती फळं खड्ड्यात ओततो. लाल, पिवळी, सगळी चांगली. आणि तिकडे बाबा एका चमच्यासाठी... जाऊ दे.

आवाज साथ देत असेल तर फोनवर त्यांना एकदा मला शिवी द्यायला सांग. लोभ असेलच, शिवीत तो जास्त दिसतो.

तुझा,
भिंगरी

*

ता. १४ जून

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

आज मला नीट लिहिता येणार नाही. फोन उचलला होता, परत ठेवला.

फळं लागली होती हे तुला कळवलंच होतं. टोकाला जरा निमुळती, पण लाल होत आली तशी इतकी देखणी दिसायला लागली की येणारा-जाणारा थांबायचा. बाबा सकाळपासून खुर्ची टाकून तिथेच. मी तोडू म्हटलं की हात आडवा. म्हणायचे, देठापर्यंत लाल होऊ दे. काल त्यांनी स्वतः एक तोडलं. हातात फिरवलं, वास घेतला, बराच वेळ घेतला. मग स्वयंपाकघरात आले. आजारपणानंतर पहिल्यांदा गॅसजवळ उभे राहिले, एका हाताने ओट्याला धरून. जाळावर भाजलं, कापडात गुंडाळून ठेवलं, साल काढली, गर कुस्करला. मला म्हणाले, तू बाजूला हो. मी दारात उभी राहिले. मला वाटलं, झालं, आता सगळं ठीक होणार.

चमचा भरून तोंडात घातला.

आग होती ती, भिंगऱ्या. मी नंतर जिभेला नुसतं लावलं तर मलाही सोसेना. त्यांचे डोळे पांढरे झाले, ओट्याला टेकून घसरत खाली बसले. दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मी दूध आणलं तर ओठ उघडेनात. सिस्टरबाईंनी आणि मी दवाखान्यात नेलं. तोंडात फोड आलेत. डॉक्टर मला असं बोलले की जसं मीच विष घातलं. त्या क्षणापासून बाबांनी कुणाशी अवाक्षर काढलेलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेत, ओठ गच्च. सूपही नाही. सलाईनवर ठेवलंय. डॉक्टर म्हणतात आता नळीशिवाय गत्यंतर नाही, पण त्यांच्या संमतीशिवाय करता येत नाही, आणि ते मान हलवून नाही म्हणतात.

मी कुंड्यांची अदलाबदल केलेली नाही. देवाशपथ केलेली नाही. तू कसलं बी पाठवलंस रे?

ताई

*

ता. २७ जून

ती. ताईस,
नमस्कार. विनंती एकच आहे, ती शेवटी लिहितो.

तुझं पत्र कामावर मिळालं. वाचून मी मुकादमिणीकडे गेलो. तिच्या रुळावरच्या गाडीची चावी काढून घेतली आणि म्हटलं, त्या दिवशी तू पुढे काय सांगत होतीस ते आत्ता सांग. ती घाबरली. मग सांगितलं. शेजारच्या झाडाने फळ बदलत नाही, पण आतलं बी बदलतं. भुंगा तिखट फुलावरून उठून ढोबळीच्या फुलावर बसला की फळ ढोबळीच होतं, गोडच लागतं, मात्र त्यातलं बी पेरलं तर तिखट झाड येतं. आमच्या काचघरात कडेची एकच ओळ तिखटाची आहे. आणि ते मोठं फळ मी तिला लागून असलेल्या ओळीतलं घेतलं होतं, कारण तिथे ऊन जास्त पडतं.

अर्धं ऐकून पळालो, ताई. नेहमीसारखा.

बाबांना सांग की हे ताईने केलेलं नाही, भिंगरीने केलं. मला काय वाटेल ते म्हणू देत. मारू देत. फक्त तोंड उघडू देत. इथे मी दिवसभर गोड फळंच तोडतो. काल एक पेटी पडली, सगळी फळं रुळावर फुटली, मी तिथेच बसून राहिलो. लोकांनी उचलून बाहेर नेलं.

पिशवी भरून ठेवलीय. विनंती ही, की बाबांना विचार, येऊ का. त्यांनी नको म्हटलंय म्हणून मी थांबलोय, दुसऱ्या कशासाठी नाही. पण ते बोलतच नसतील तर तू सांग. मला आता स्वतःच्या डोक्याने काही करायची भीती वाटते.

लोभ मागायचं तोंड राहिलेलं नाही. उत्तर तेवढं दे.

भिंगरी

*

ता. ९ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्या ताईने तुझं पत्र वाचून दाखवायला घेतलं आणि मधेच थांबली. मग मीच ओढून घेतलं. पडून लिहितोय, अक्षर लागेल तसं लावून वाच.

रडगाणं पुरे. तुझ्या बियांनी मला फसवलेलं नाही. मिरच्या निवडण्यात माझा जन्म गेला. फळ हातात आलं, देठापाशी वास घेतला, तेव्हाच कळलं होतं की ही ढोबळी नव्हे. ताईला बाजूला हो म्हटलं ते त्यासाठीच. मी ते कळूनसवरून खाल्लं.

का, ते तिलाही आज पहिल्यांदा सांगितलं. तोंड झोंबतं म्हणून मी जेवत नव्हतो असं तुम्ही सगळे धरून चाललात. मीही धरू दिलं. झोंबणं कधीच कमी झालं होतं. मला चवच उरली नव्हती. शेक घेतल्यापासून भात काय, अंडं काय, ओला कागद चावल्यासारखं. मीठ टाकलं, साखर टाकली, चोरून तुमच्या नकळत मूठभर मीठ खाल्लं, काही नाही. आचाऱ्याने हे कुणाला सांगायचं? दुखतं म्हटलं की लोक गप्प बसतात. चव गेली म्हटलं की कीव करतात. मी ठरवलं होतं की कागद खात जगायचं नाही. हळूहळू संपून जायचं, तुम्हालाही वाटेल आजारानेच नेलं. तुझी ती मिरची पिकताना बघत होतो ते एवढ्याचसाठी, की जाण्याआधी बघावं, आत काही पोचतं का.

पोचलं. भिंगऱ्या, अशी आग लागली की मी कुठे आहे तेच कळेना. तोंड दाबून धरलं ते रागाने नाही. ती जाऊ नये म्हणून. आणि ती ओसरताना मागे काहीतरी गोड राहिलं होतं. भाजलेल्या सालीचा कडवटपणाही होता जरासा. एवढंसंच, गेलंही लगेच. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून मी तेच शोधत पडलो होतो. सापडलं नाही. भास होता की खरं, सांगता येत नाही.

पण झालं काय, की आता मला भीती वाटते. काही नको होतं तोवर वाटत नव्हती. आता ते परत हवंय. म्हणून काल डॉक्टरला हो म्हटलं. पोटाला भोक पाडू दे. पोटाचं ते बघतील, तोंडाचं मी बघीन. डॉक्टर खूश झाला नाही. म्हणाला, आता अंगात काही उरलेलं नाही, एवढीशी भूलही सोसेल की नाही याची खात्री देत नाही. फार उशीरही चालणार नाही. थोडी ताकद शिरेतून भरून महिनाअखेरीस करणार आहेत.

ताई हे वाचणार आहे, म्हणून तिच्यासमोरच लिहितो. तिने फार केलं. तिला आता एकटीला ऑपरेशनच्या दाराबाहेर बसवायचं नाही.

आजवर तू काम सोडून आलास की मी तुला उंबऱ्यावर उभा करून फाडून खाल्लं. तिथे टिक म्हणूनही मीच सांगितलं होतं. ते राहू दे. नाव काळ्या यादीत गेलं तर जाऊ दे, माझंही डॉक्टरच्या काळ्या यादीत आहेच.

ये. महिना संपायच्या आत ये.

मला भीती वाटते रे.

बाबा