मामंजी, ते काडतूस

मामंजी, तुमी दिलेली सुयांची नळी आज सापडली बगा! पेटीच्या तळाला, लुगड्याच्या घडीत. रिकाम्या काडतुसाची ती पितळी नळी, तोंडाला तुमीच घासून बसवलेलं बाभळीचं बूच. इतका आनंद झाला, की मांजरीलाच सांगितलं. दुसरं हाय कोण घरात? लेक-सून पुण्याला, नात फोनमधी.

मांजरीशी बोलायची खोड तुमचीच. निजामाचं राज्य होतं, मी नवी नवरी, सासूबाई आधीच गेलेल्या. तुमचा लेक रेल्वेत कामाला, महिन्याला एकदा यायचा. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं न्हाई, सासऱ्यानं सुनेशी न्हाई. मंग हिंगोलीच्या त्या घरात आपण दोघं अन् मधी मांजर. "मने, भाकर वाढ म्हणावं." "मने, हुलग्याचं कढण झकास झालं." बंदुका दुरुस्त करतानाबी तिलाच शिकवायचात. जुन्या रिव्हॉल्वरचा घोडा दर बार काढताना अंगठ्यानं ओढायचा, बाजूची झडप उघडून एकएक काडतूस फिरत्या चकरीत सोडायचं. "आत बसलं म्हंजे बराबर झालं असं न्हाई, मने. हे जुनं पोलाद काळ्या दारूचं. नव्या काडतुसाचं माप तेच, पण दारू जहाल. चकरी फुटंल, बोटं जातील." मी दाराआड भांडी घासत ऐकायची. निम्मं कळायचं न्हाई, पण माणसाचा आवाज होता.

अन् एक दिवस पुसेगावचे पाटील आले, आज्याचं रिव्हॉल्वर घेऊन. जुनी काडतुसं तुमची, नवी त्यांनी आणलेली, दोन्ही एकाच फडक्यावर. तुमची नजर तवा अधू झालेली, पण तुमाला सांगणार कोण? एक उचलून चकरीत सोडलंत, बार काढून बघायला उठलात, अन् माझ्या तोंडून निघालं, "मामंजी, ते नका!"

पाटील हसले. "काय उस्ताद, सून बोलून राहिली की!"

तुमी लालबुंद. "मने, हिला आत जा म्हणावं." पण काडतूस काढलंत, भिंगाखाली धरलंत. बुडावर छाप नव्याचा. मंग किती वेळ आपल्या उजव्या हाताकडंच बघत बसलात.

दुसऱ्या दिवशी ही नळी माझ्या हातात दिलीत. "पोरी, तुझी नजर घारीची. आजपस्नं इथं बस." सरळ मला! मांजर बिचारी बघतच राहिली. निजामाचं राज्य गेलं त्या साली तुमीबी गेलात, तवर सहा वर्सं आपण किती बोललो! तेवढं नंतर कुणाशीच न्हाई, तुमच्या लेकाशीबी न्हाई. येईल त्याला सांगायचात, "हिनं माझा हात वाचवला."

तेच टोचतं. हा कागद नळीभवती गुंडाळून पेटीतच ठेवते, पण लिहिते. दाराआडून मला काडतूस दिसलंच न्हवतं, मामंजी. नुसती तुमची पाठ दिसत होती. तीन महिने कुणाशी धड बोलले न्हवते, तुमी एकदा वळून बघावं एवढंच मनात होतं. तवा खरं सांगितलं असतं, तर तुमी परत मांजरीशीच बोलला असता.