काठोकाठ भरलेली किटली

दि. ९ फेब्रुवारी, सकाळचे अकरा

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक. तुझ्या सासऱ्यांचा खोकला आहे तसाच आहे. औषध घ्या म्हटलं की माझ्यावरच डाफरतात. तुला सातवा लागला. पायांवर सूज आहे का ते कळव, आणि बसताना पाय उशीवर ठेव. सत्तावीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होते, न विचारता सल्ले द्यायची खोड काही जात नाही.

तुझं पत्र पोचलं. आमची भाषा तू लग्नानंतर शिकलीस, तरी अक्षर तुझ्या नवऱ्यापेक्षा शंभर पटींनी बरं. सासऱ्यांनी मला ते मोठ्यानं वाचायला लावलं. अर्ध्यावर थांबले, तर म्हटलं चष्मा पुसते.

दोन वर्षांपूर्वी महिनाभर तुमच्याकडे राहिले, ते तुझं स्वयंपाकघर अजून डोळ्यांपुढे आहे. आमच्याकडे चहाचं आधण म्हणजे मोठं पातेलं, मोठा गॅस, आणि माणसं मोजून वर एक कप जास्तीचा. आलंच कोणी तर असावा. त्यातून वॉर्डात सुया वीस-वीस मिनिटं उकळायची सवय, त्यामुळे पहिली उकळी फुटली की गॅस बंद करणं माझ्या जिवावर येतं. तुमच्याकडे विजेची किटली. दोघांना दोन कप, रेघेपर्यंत पाणी, उकळलं की टक् करून आपोआप बंद. तुझं कामच ते, लोकांच्या घरी जाऊन कुठल्या फटीतून ऊब निसटते, कुठे वीज फुकट जाते ते शोधायचं. मी किटली भरली की भिंतीवरच्या त्या छोट्या पडद्यावर विजेचा आकडा लाल व्हायचा, आणि तू हळूच येऊन जास्तीचं पाणी जगमध्ये काढून ठेवायचीस. एकदा म्हणालीस, "आई, आपण पिणार नाही ते पाणी कशाला तापवायचं?"

बोलणं बरोबरच होतं. पण मला वाटलं, ही माझा चहा मोजते. तुझी आई होती तेव्हा तिनंही तुला हेच शिकवलं असेल, तुमच्या घरी यालाच नीटनेटकं राहणं म्हणत असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मग तो शनिवार. शेजारीण डोकावली, आणि किटलीत तुझ्या-माझ्यापुरतंच पाणी. ती निघून गेल्यावर मी म्हणाले, "मोजून दोन कप! तिसऱ्या जिवाला जागाच नाही या घरात." तू कप ठेवलास आणि न्हाणीघरात गेलीस. नळ कितीतरी वेळ वाहत होता. तू नळ कधी वाहता ठेवत नाहीस. तुझ्या नवऱ्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आई, काल तिचं बाळ गेलं. तिसरा महिना होता." मी कपाळावर हात मारून घेतला. "अरे, मला काय माहीत!"

त्यानं तुला तेच सांगितलं. आणि आता तू लिहितेस, 'तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत असतं तर तुम्ही तसं बोलला नसता. हे समजून घ्यायला मला दोन वर्षं लागली. बाळंतपणाला या. माझी आई नाही, माझ्याजवळ तुम्हीच हव्या.'

इथवर लिहून दोनदा उठले. गॅसपाशी उगीच उभी राहून आले.

मला माहीत होतं.

आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात होते. एक घोट जास्त न तापवणारी तू, किटली काठोकाठ भरलीस. गरम पाण्याची पिशवी भरून पोटाशी धरलीस आणि ओट्याला टेकलीस. थोड्या वेळानं पुन्हा किटली लावलीस. पडदा लालभडक झाला होता, तू तिकडे पाहिलंही नाहीस. तुझे ओठ पांढरे पडले होते. अशा शेकडो बायका मी पाहिल्यात, मला कोणी सांगायची गरज नव्हती. अशा वेळी जवळ जायचं, हातातली पिशवी घ्यायची, बसवायचं. एवढंच करायचं असतं, आणि ते मला झोपेतही जमलं असतं. मी मागच्या पावली खोलीत गेले.

राग आला होता. घरात नर्स सासू असताना तू माझ्यापाशी आली नाहीस म्हणून. आणि लिहायला लाज वाटते, पण हेही मनात आलं की स्वतःसाठी बरी भरते किटली. शनिवारी जे बोलले ते तोंडातून निसटलं नव्हतं. कुठे लागेल ते नेमकं ठाऊक होतं, आणि तिथेच मारलं. वर साळसूदपणे रडून पोराकडून समजूत काढून घेतली.

हे तुझ्या सासऱ्यांनाही माहीत नाही. गप्प बसले असते तर कुणाला कधी कळलं नसतं. माझी बॅगसुद्धा भरून झाली आहे. पण कळा सुरू झाल्या की बाई शेजारच्या माणसाचा हात गच्च धरते. तो कुणाचा हात आहे हे तिला ठाऊक असायला हवं. तुझं बाळ सर्वांत आधी मी उचलून घ्यावं असं फार वाटतं गं, फार वाटतं. पण तुला फसवून नको.

तू 'येऊ नका' म्हणालीस तर येणार नाही आणि कारणही विचारणार नाही. नवऱ्याला सांगायचं की नाही ते तू ठरव. फक्त त्या दिवशी एकटी राहू नकोस, कुणीतरी जाणती बाई जवळ ठेव.

तू मला आई म्हणतेस. तो शब्द खाली लिहायला आज हात उचलत नाही.

तुझी,
माहीत असून बोललेली
सासू