घर ऊब धरू दे

२८ नोव्हेंबर

उत्तरेकडची खिडकी आहे का चाळण! मेणबत्ती धरून पाहिली, चौकटीच्या चारही बाजूंनी ज्योत फडफडते. जन्मभर लोकांच्या घरांचे पडदे शिवले आणि स्वतःच्या घरात वारा जावयासारखा बिनधास्त येतोय-जातोय. दुकान कारागिरावर टाकून दुपारीच घरी आलो. फटींवर चिकटपट्ट्या मारायला घेतल्या.

ही पलंगावरून बघत होती. अंगात स्वेटर, वर शाल, त्यावर माझा कोट. "अहो, वाऱ्याचं काही नाही. मलाच आतून गार वाटतंय." म्हटलं, आतून गार वाटायला तू काय फ्रीज आहेस? हसली. पण हसतानाही दम लागला तिला. नंतर बराच वेळ डोळे मिटून पडली होती.

१ डिसेंबर

खोलीचे पडदे बदलले. मध्ये अख्खं ब्लँकेट घालून शिवलेत — सुई दोनदा मोडली! इतकं दाट अस्तर कुठल्या गिऱ्हाइकाला दिलं नव्हतं. आता भरदिवसा दिवा लावावा लागतो, लागू दे. हीटर पलंगाजवळ ओढला. गरम पाण्याची पिशवी पोटाशी, दोन रजया, कडा गादीखाली खोचल्या. "मला काय पार्सल करताय का?" म्हणाली. म्हटलं, हो, आणि पत्ता इथलाच टाकलाय.

२ डिसेंबर

डॉक्टर येऊन गेले. मला बाहेरच्या खोलीत नेलं. "काका, हा खोलीचा प्रश्नच नाही. त्यांच्या शरीरात रक्त तयार व्हायचं थांबलंय. बाहेरून दिलेलंही टिकत नाही. आता जवळच्या माणसांना बोलावून घ्या."

बोलताना कपाळ पुसत होते. कोट काढून हातावर घेतला होता — घामाने! म्हणजे आतली खोली तापतेय. बाहेरच्या खोलीत बोलणं संपेतो मात्र परत चढवला. म्हणजे आता ही खोली हातात घ्यायला हवी.

५ डिसेंबर

लेकीचा फोन. तिथून इथवर यायचं म्हणजे दोन विमानं, वर बस, आणि कडेवर पाच महिन्यांचं पोर. "बाबा, खरं सांगा. येऊ का?" म्हटलं, इतक्यात नको. बाहेरची खोली नुसती बर्फ आहे, लेकराला बाधेल. घर जरा ऊब धरू दे, मग ये. "डॉक्टर काय म्हणाले?" म्हटलं, अशक्तपणा आहे म्हणाले.

ही सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

६ डिसेंबर

हिचे हात चोळले. गारच.

९ डिसेंबर

बाहेरच्या खोलीत जाड सतरंजी अंथरली. भिंतीला सोफ्याचा उरलेला फोम ठोकला, दिसतो गबाळा, पण काम करतो. दाराच्या खालच्या फटीसाठी मखमलीची लांब नळी शिवून तीत वाळू भरली. समोरच्या नर्सबाई सूप घेऊन आल्या त्या नेमक्या तिलाच अडखळल्या! रिटायर झाल्या तरी वॉर्डातला आवाज गेला नाही बाईंचा. आत जाऊन हिची नाडी पाहिली, बाहेर येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "हे काय मांडलंय तुम्ही? मुलीला कळवलंत?"

कळवतो म्हटलं.

"कधी?"

म्हटलं, आधी ते दार लावा, वारा येतोय! फणकाऱ्याने गेल्या. जाऊ देत. घर माझं आहे.

१२ डिसेंबर

आज भांडलो. आजारी बाईशी भांडलो मी! ती म्हणाली, "पोरीला बोलवा." म्हटलं, बोलावतो ना, ती बाहेरची खोली एकदा — "खोली राहू दे हो! मला खोली नकोय, माझी पोर हवीय." ओरडायला गेली, पण आवाजच फुटला नाही. मी म्हटलं, मग मी ही मरमर कुणासाठी करतोय? जीभ झडायला हवी होती माझी. हातात गरम पिशवी घेऊन मूर्खासारखा उभा राहिलो.

मग शेजारी बसलो. तिनेच माझा हात ओढून गळ्याशी धरला. "हे बरं आहे," म्हणाली. "हे तेवढं गरम आहे."

इथे तरी खरं लिहितो. मला भीती वाटते. लेक बॅग घेऊन दारात उभी राहिली की डॉक्टरचं म्हणणं खरं झालं. तिला बघितलं की ही सुटली म्हणून निघून जाईल. वाट बघतेय तोवर थांबेल, असं वाटतं. म्हणून फोम ठोकतोय. बोलावतच नाही.

१५ डिसेंबर

बाहेरची खोली तापली! मी नुसत्या बनियनवर बसून हे लिहितोय. कारागीर दुकानाची किल्ली द्यायला आला, म्हणाला, "मालक, ही काय भट्टी लावलीय?" इतकं बरं वाटलं की त्याला चहा पाजला.

आणि लेकीला फोन केला. खरं सांगितलं सगळं. ये म्हटलं. खूप रडली. "मग त्या दिवशी का नाही बोललात, बाबा?" उद्याच निघतेय.

हिला सांगितलं तर चेहराच बदलला. सूप मागून घेतलं, अर्धी वाटी गेलं! "बाळाला सोफ्यावर नका झोपवू, लोळून पडेल. माझ्याजवळ द्या." मग केस विंचरा म्हणाली. मला कुठलं जमतंय ते! गुंता ओढला, तर "पडदा नाहीये तो," म्हणाली. कितीतरी दिवसांनी दोघं हसलो. मी उगाच घाबरत होतो.

१७ डिसेंबर

सकाळी चहा करायला गेलो होतो, तेवढ्यात ही गेली.

लेक वाटेत आहे. उद्या दुपारी पोचेल. नर्सबाई म्हणाल्या, तोवर ठेवायचं तर खोली गार करा. हीटर बंद केला. पडदे उतरवले. चिकटपट्ट्या नखांनी खरवडून काढल्या, खिडक्या सताड उघडल्या. कोट, शाल, रजया, सगळं मीच काढून घेतलं अंगावरून.

पायांत लोकरीचे मोजे आहेत. ते राहू दिलेत.