आक्का अडली तिथे

२७ जुलै, रविवार
खानदेशी मंडळाचा कार्यक्रम, लिंबायतचा हॉल. पंखे बंद, भाषणं चालू. नलूने हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. ‘सरप्राइज आहे, सुमन.’
सरप्राइज म्हणजे पुस्तक. खानदेशी बायकांची गाणी. संकलन : नलिनी. आतला शब्दन् शब्द माझ्या वह्यांतला. सहा वह्या, अकरा वर्षं. शाळा सुटली की गोडादऱ्यातल्या खोल्यांमधून हिंडायचं, पुरुषमाणसं कापडाच्या खात्यात मागावर गेलेली असायची, तेवढ्यात बायकांना गातं करायचं. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मीच वह्या न.कडे दिल्या. टाइप करून ठेव, पट्टी निघाली की बघू, म्हणून. ती म्हणे, हात भरून आलेत, वेळ लागेल. मी आपली तिला मलम नेऊन देत होते.
आभाराच्या पानावर माझं नाव आहे. मंडपवाल्याच्या खाली, चहावाल्याच्या वर.
टाळ्या वाजवल्या. सगळेच वाजवत होते.

२८ जुलै, सोम.
आज पुस्तक वाचलं. हळदीच्या गाण्यात दर दोन ओळींनी छापलंय, ‘आ अ, आ अ’. हे कुठून आलं कळेना. मग कळलं आणि एकटीच स्वयंपाकघरात हसत सुटले. हसता हसता रडू आलं.
माझ्या वहीच्या समासात आ.अ. म्हणजे ‘आक्का अडली’. गाणी सांगणाऱ्या धुरपदाआक्काला पुढची ओळ आठवली नाही की मी तेवढं टिपून थांबायची, पुढच्या खेपेला पुन्हा विचारायची. न.ला ते ध्रुवपद वाटलं. काल स्टेजवर पोरींनी कमरेवर हात ठेवून तेच म्हटलं. आ अ, आ अ. लोकांनी वन्स मोअर दिला.
एका शाळेत बावीस वर्षं, एका डब्यातून जेवलो. तिच्या बाळंतपणात तिचा वर्ग मी सांभाळला. एकदा विचारलं असतंस तर काय झालं असतं गं.

२९ जुलै
काही नाही. डाळ करपली.

३० जुलै, बुध.
न.चा फोन. मला वाटलं, लाज वाटली असेल.
‘तुला आवडलं नाही का? काही बोलली नाहीस.’
म्हटलं, माझ्या वह्या आहेत त्या.
‘वह्या तुझ्या, कोण नाही म्हणतं? पण गाणी आमची आहेत, सुमन. तू तर वऱ्हाडातली.’
ही आमची म्हणणारी! घरात नातवंडांशी इथली गुजराती बोलते. अहिराणी तिला कळते, पण जिभेवर येत नाही. माले-तुले म्हणायची तिला शाळेत लाज वाटायची, आणि मी आक्काकडून शिकून डब्याच्या सुट्टीत बोलायला लागले की म्हणायची, ‘शी, कामगारांसारखं काय बोलतेस.’ आणि आता आमची.
फोन ठेवला. तिने केसाने गळा कापला माझा. हे लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

१ ऑगस्ट, शुक्र.
आक्काकडे गेले. तिला सगळं सांगायचं, तिने न.ला चार शब्द सुनावावेत, असं डोक्यात होतं. दिवाळीपासून ती विसरते फार. कधी मला ओळखते, कधी पोस्टातली बाई समजते. आज लख्ख होती.
पुस्तक उशाशीच. आत तिचा फोटो, निळ्या लुगड्यातला.
म्हटलं, आक्का, तुला माहीत होतं?
‘नलूनी इचारं माले. मी हा म्हनी.’
मला का नाही सांगितलंस?
तिने फोटोवरून बोट फिरवलं. ‘तू लिखतच ऱ्हायनी माय. अकरा वरीस लिखतच ऱ्हायनी. मी मरी जावावर निंघतं का तुन्हं पुस्तक? माले दखानं व्हतं.’
जिवंतपणी बघायचं होतं तिला. मला प्रत्येक ओळ पक्की हवी होती. एका गाण्याचे चार पाठ, कुठल्या गावचा कुठला. घाई करायची नाही म्हणत राहिले. ती ऐंशीच्या पुढे गेली हे माझ्या ध्यानात नव्हतं असं नाही.
तरी राग आला. तिचाही आला. दोघींनी मिळून ठरवलं आणि मला कुणी विचारलं नाही. चहा न घेता उठले. असं कधी केलं नव्हतं.

२ ऑगस्ट, शनि.
न.चा मेसेज. दुसरी आवृत्ती काढायची आहे. सातवी वही दे, मग संकलनात तुझं नाव पहिलं, माझं दुसरं.
म्हणजे तिला ठाऊक आहे. ऑपरेशननंतर सुरू केलेली वही. तिच्यात कानबाईच्या, श्रावणात घरी बसवतात त्या देवीच्या, पाठवणीचं गाणं आहे, पूर्ण. तापीवर शिरवायला, म्हणजे विसर्जनाला, नेण्याआधी उंबऱ्यात म्हणतात ते. एवढं मोठं आता कोणाला येत नाही, फक्त आ.ला येतं. तिने मला मागच्या श्रावणात दिलं, सहा बैठकांत.
नाही देणार. कपाटाला कुलूप लावलं. माझ्याच घरात, मी एकटी राहते त्या घरात.

३ ऑगस्ट, रवि.
आ.च्या घरी कानबाई बसली. जाणार नव्हते. तिची सून संगीता स्वतः बोलवायला आली. ‘बाई, माय दोन डाव इचारी गयी, बाई उनी का.’
गेले. वही पिशवीत घालून नेली. का, ते मलाच सांगता येत नाही. घरी ठेवायचा धीर झाला नाही एवढं खरं.
प्रसादाचे रोट भाऊबंदांनीच खायचे. न. त्यांच्या भाऊबंदकीतली, ती आत पंगतीला. मी ओट्यावर, शेजारणींबरोबर. अकरा वर्षं तिथेच बसते, कधी काही वाटलं नव्हतं. आज वाटलं.

४ ऑगस्ट, सोम.
सकाळी आठला कानबाई उचलायची. रिक्षा-टेम्पो दारात, ढोलवाले आलेले, संगीताने कानबाईचा पाट डोक्यावर घेतला. गाणं झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.
आ.ने सुरुवात केली. आवाज अजून तसाच. पहिल्या चार ओळी नीट. मग थांबली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच थांबली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एका पोरीने पुस्तकातलं ‘आ अ’ सुरू केलं, संगीताने डोळे वटारले. आ.चे ओठ हलत होते, आवाज नव्हता. इतकी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नाही.
मी वही काढली.
मला गाता येत नाही. शाळेत प्रार्थनेला पेटी वाजवायची तेवढंच. पण म्हटलं, वहीत होतं तसं, आ.च्या गावच्या उच्चारांत, एकही ओळ न गाळता. बायकांनी मागून धरलं. संगीता उंबऱ्याबाहेर पडली. ढोल वाजायला लागला, सगळी माणसं बाहेर गेली.
आ. पायामुळे तापीवर जात नाही. मी तिच्याजवळ बसले. तिने माझा हात हातात घेतला, माझ्याकडे बघितलं. ओळख नव्हती डोळ्यांत.
‘भलतं चांगलं गानं शे,’ म्हणाली. ‘माले नवंच लागनं. तुन्हं शे का?’
मी हो म्हणाले.
विचार करून नाही. तोंडातून गेलं. तुझंच आहे आक्का, तूच दिलंस, एवढंच तर म्हणायचं होतं. न.ने हेच माझ्याबद्दल म्हटलं नाही, म्हणून तर आठ दिवस मला अन्न गोड लागलं नव्हतं.
तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ‘जपी ठेव,’ म्हणाली.
मान वर केली तर दारात न. हळदीकुंकवाचं तबक राहिलं होतं, ते न्यायला परत आली होती. तिने ऐकलं होतं. मला वाटलं, आता बोलेल. तिने तबक उचललं आणि बाहेर गेली.
दुपारी तिचा फोन आला. उचलला नाही. संध्याकाळी पुन्हा आला.